पहिला फिल्म कॅमेरा: निवड, तपासणी आणि पहिला रोल

फिल्म कॅमेरा घ्यायचं मनात आलं की नवखा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "इतका जुना कॅमेरा चालेल का?" प्रश्न रास्त आहे. आज हाती येणारे बहुतेक चांगले फिल्म कॅमेरे १९६० ते १९९० या काळात बनलेले आहेत. तरीही माझं उत्तर ठाम 'हो' असंच असतं. फक्त दोन अटी घालतो: पहिला कॅमेरा शक्यतो यांत्रिक शटरचा (शटर म्हणजे फिल्मवर ठरलेला वेळच उजेड पडू देणारा पडदा) घ्या आणि घेण्याआधी थोडा वेळ देऊन तो नीट तपासा. ही तपासणी कशी करायची आणि त्यानंतरचा पहिला रोल कसा काढायचा, ते इथे क्रमानं सांगतो.

टिकाऊपणा कुठून येतो

पेंटॅक्स के१००० हे सगळ्यात सोपं उदाहरण. हा कॅमेरा १९७६ मध्ये आला आणि १९९७ पर्यंत जवळपास त्याच रूपात बनत राहिला. त्याचं शटर पूर्णपणे स्प्रिंग आणि गिअरवर चालतं. उजव्या अंगठ्यानं लिव्हर ओढली की फिल्म एक घर, म्हणजे एका फोटोची जागा, पुढे सरकते आणि त्याच ओढीत शटरच्या स्प्रिंगला ताण बसतो. बटण दाबलं की तो ताण सुटतो, आरसा वर जातो, फिल्मसमोरचा कापडी पडदा सरकतो आणि आरसा पुन्हा जागेवर येतो. यात विजेचं काहीही काम नाही. आत एक बटणाएवढा सेल असतो, तो फक्त लाइट मीटरची (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेची) सुई हलवण्यापुरता. सेल संपला तर सुई हलत नाही, फोटो मात्र निघतो.

त्याच वर्षी कॅनन एई-१ आला. त्याच्या आत मायक्रोप्रोसेसर होता आणि शटर विजेवर अवलंबून होतं. तुम्ही शटरचा वेग ठरवायचा, अ‍ॅपर्चर (उजेड आत येऊ देणारं लेन्समधलं छिद्र) कॅमेरा ठरवणार. वापरायला सोपा, फोटो सुरेख. पण सेल नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही, आणि आतली सर्किटची पट्टी गेली तर तिला नवी पट्टी मिळत नाही. दुसऱ्या एखाद्या बंद पडलेल्या एई-१ मधून ती काढून बसवावी लागते.

यांत्रिक कॅमेराही बिघडतो, यात शंका नाही. मात्र त्याचे बहुतेक बिघाड घाण साचणं, ग्रीस सुकणं आणि ताण कमी-जास्त होणं या जातीचे असतात. जाणकार कारागीर तो उघडतो, धुतो, तेल देतो, ताण जुळवतो आणि कॅमेरा पुढची कित्येक वर्षं चालतो. पितळी गिअर आणि काच या गोष्टी वयानं फारशा खचत नाहीत.

टिकाऊपणाची गोष्ट निघाली की निकॉन एफचा किस्सा निघतोच. युद्ध छायाचित्रकार डॉन मॅककलिन यांच्या निकॉन एफमध्ये कंबोडियात बंदुकीची गोळी घुसली आणि कॅमेऱ्यानं ती अडवली. गोष्ट खरी आहे, पण तुमच्या कॅमेऱ्याला गोळी लागणार नाही. त्याला लागणार आहे दमट हवा आणि वर्षानुवर्षांचं कपाट. न वापरता पडून राहिलेला कॅमेरा रोज वापरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त बिघडलेला असतो. म्हणून विकणारा "अजिबात वापरलेला नाही, कव्हरमधून बाहेरच काढला नाही" असं कौतुकानं सांगतो, तेव्हा मी तपासणी उलट अधिक कसून करतो. कडा झिजून पितळ दिसू लागलेला, पण गेल्या महिन्यापर्यंत रोल भरला जात असलेला कॅमेरा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आधी ठरवा: कोणता घ्यायचा

नवख्यासाठी माझी पहिली पसंती ३५ मिमी फिल्मचा, यांत्रिक शटरचा एसएलआर. एसएलआरमध्ये लेन्समधून जे दिसतं तेच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं, त्यामुळे फोकस आणि चौकट दोन्ही डोळ्यांनी कळतात. अंदाज बांधत बसावं लागत नाही.

के१००० चा उल्लेख झालाच. निकॉन एफएम (१९७७) आणि एफएम२ (१९८२) त्याहून एक पायरी वरचे. एफएम२ चं शटर सेलशिवाय १/४००० सेकंदापर्यंत जातं, जी यांत्रिक शटरसाठी आजही थक्क करणारी गोष्ट आहे. स्टीव्ह मकरी यांनी १९८४ मध्ये टिपलेला अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो याच कॅमेऱ्यावरचा. मात्र १९७७ च्या आधीच्या, जोडणीत बदल न केलेल्या निकॉन लेन्स एफएम२ वर बसवू नका, कॅमेऱ्याचं नुकसान होतं. ऑलिम्पस ओएम-१ (१९७२ मध्ये एम-१ या नावानं आला आणि लवकरच त्याचं नाव बदललं) लहान आणि हलका आहे. त्याचा व्ह्यूफाइंडर इतका मोठा आणि स्वच्छ की एकदा डोळा लावला की इतर कॅमेरे कोंदट वाटू लागतात. मिनोल्टा एसआर-टी १०१ (१९६६) वजनदार, पण दणकट आहे आणि नाव कमी गाजल्यामुळे बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत मिळतो.

चकत्या फिरवण्याचा कंटाळा असेल आणि फक्त फिल्मवर फोटो हवे असतील, तर ऑलिम्पस ट्रिप ३५ बघा. १९६७ पासून १९८४ पर्यंत तो बनला. लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या पट्टीवर उजेड पडला की तीच मीटर चालवते, सेल लागतच नाही. उजेड कमी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलं जात नाही. फोकससाठी चार चित्रं आहेत: जवळचा माणूस, दोघं, घोळका, डोंगर. घेताना एकच कसोटी लावा: ऑटोवर ठेवून लेन्सवर हात धरला की लाल पट्टी यायला हवी आणि हात काढून उजेडाकडे वळवला की शटर उडायला हवं. दोन्ही झालं तर तो बहुधा ठणठणीत आहे.

लेन्सबाबत फार डोकं खाजवू नका. ५० मिमी, एफ/१.८ किंवा एफ/२ (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). त्या काळी हीच लेन्स बहुतेक कॅमेऱ्यांसोबत यायची, म्हणून ती भरपूर आहे, आणि प्रत्येक कंपनीची ५० मिमी लेन्स चांगलीच आहे. झूम नंतर कधीतरी.

मग तपासा

सोबत एक छोटी विजेरी, एक लाकडी टूथपिक आणि शक्य असल्यास नवा सेल ठेवा. तपासताना कॅमेरा रिकामा आहे ना, याची खात्री करून मगच मागचं झाकण उघडा. रोल परत गुंडाळायचा नॉब हलकेच बाणाच्या दिशेनं फिरवून पाहा. विरोध जाणवला तर आत फिल्म असू शकते.

बाहेरून बघताना ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा, पोचे मात्र बघा. लेन्सच्या तोंडाची गोल कड आणि वरचा प्रिझमचा भाग, या दोन जागी पोचा असेल तर कॅमेरा पडलेला आहे. स्क्रूंच्या खाचाही बघा. त्या ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या हत्यारानं कॅमेरा उघडलाय. अशा कॅमेऱ्यापासून लांब राहा.

खालच्या बाजूला सेलचा कप्पा असतो. झाकण नाण्यानं उघडा. आत पांढरा-हिरवा थर दिसला तर जुना सेल फुटून आतला पदार्थ गळला आहे. थर पातळ असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसून निघतो. मात्र कप्प्यातून आत जाणारी तार खाल्ली गेली असेल, तर मीटर मेलेलं असतं.

आता मागचं झाकण उघडा. झाकणाच्या कडांना जिथे खाचा आहेत, तिथे काळा स्पंज बसवलेला असतो. बाहेरचा उजेड आत शिरू नये यासाठी तो असतो. टूथपिकनं हलकेच दाबा. स्पंज दबून परत वर आला तर ठीक. डांबरासारखा चिकटून आला किंवा भुकटी होऊन पडला तर तो बदलावा लागेल. पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्यात हे जवळजवळ ठरलेलंच आहे, त्यामुळे यावरून कॅमेरा नाकारू नका. काम किरकोळ आहे, घरीही जमतं: जुना चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवून काढायचा आणि पातळ नवा स्पंज कापून चिकटवायचा. आरसा वर जाऊन ज्या पट्टीवर आदळतो, तिथेही असाच स्पंज असतो. ओएम-१ मध्ये आणखी एक जागा आहे, प्रिझमच्या भोवती. तिथला स्पंज कुजला की तो प्रिझमचा चंदेरी मुलामा खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट डाग किंवा पट्टा दिसू लागतो. ओएम-१ घेणाऱ्यानं पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरून हे आवर्जून बघावं.

शटरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कानानं आणि डोळ्यांनी करायची. मागचं झाकण उघडंच ठेवा. वेगाची चकती १ सेकंदावर आणा, लिव्हर ओढा, बटण दाबा. शटर उघडेल, आत घड्याळासारखी बारीक झर्रर्र ऐकू येईल आणि सेकंदानं शटर बंद होईल. ही झर्रर्र एकसारखी हवी. मध्येच अडखळली, रेंगाळली किंवा शटर उघडंच राहिलं तर संथ वेगांचे गिअर ग्रीस सुकून जड झालेत. मग १/२, १/४, १/८ असं करत जा. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा निम्मा वेळ टिकायला हवा. बराच काळ पडून असलेला कॅमेरा पहिल्या चार-पाच वेळा अडखळून नंतर मोकळा होतो, म्हणून एका क्लिकवर निकाल देऊ नका.

जलद वेगांना कान पुरत नाहीत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, कॅमेरा उजेड असलेल्या खिडकीकडे किंवा दिव्याकडे धरा आणि मागून बघत १/५०० व १/१००० वर शटर उडवा. उजेडाचा आयत क्षणभर चमकेल. त्याची एक बाजू काळी दिसली किंवा आयत दिसलाच नाही, तर शटरचा दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय. हा दोष दुरुस्त होतो, पण त्यासाठी कारागीर लागतो, घरी होत नाही. पडदे कापडी असतील तर शटर बंद ठेवून समोरून विजेरी मारा आणि अंधाऱ्या जागी मागून बघा. ओएम-१ किंवा के१००० सारख्या कॅमेऱ्यात आरसा मध्ये येतो, म्हणून मागूनच विजेरी तिरकी धरून कापडावर चिरा, भोकं, सुरकुत्या शोधा. पातळ धातूच्या पात्यांच्या शटरला मात्र बोट लावायचंच नाही. एखादं पातं वाकलं तर सगळं शटर गेलं.

शटर उडवल्यावर आरसा झटकन खाली येतो का, तेही बघा. कॅनन एई-१ मध्ये शटरबरोबर शिट्टीसारखी किंवा खोकल्यासारखी कुरकुर ऐकू आली तर आरशाच्या गिअरला तेल हवंय असं समजा. ओळखीचा आजार आहे, उपाय आहे.

सेल्फ-टायमरची कळ कितीही खुणावली तरी तपासताना फिरवू नका. तिचे गिअर वर्षानुवर्षं हललेले नसतात. अर्ध्यात अडकले तर शटरही अडकून बसतं. तसंही तिच्यावाचून काही अडत नाही.

आता लेन्स. ती कॅमेऱ्यातून काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूनं विजेरी तिरकी मारा आणि दुसऱ्या बाजूनं आरपार बघा. धुळीचे कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये दिसतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. कडेला एखादा धागा असेल तर चालून जातं, साफ होतो. मध्यभागी पसरली असेल तर तिनं काचेवरचा थर खाल्लेला असतो आणि साफ केल्यावरही डाग राहतात. सगळ्या काचेवर दुधाळ धुकं असेल तर फोटो फिके येतील. शेवटी लेन्सच्या मागची छोटी लिव्हर बोटानं हलवून अ‍ॅपर्चरची पाती बघा. ती क्षणात मिटली आणि क्षणात उघडली पाहिजेत. आळसावल्यासारखी सरकत असतील किंवा त्यांवर तेलाची चमक असेल, तर फोटो घेताना ती वेळेवर मिटणार नाहीत आणि फोटोत जास्त उजेड येईल.

मीटर शेवटी तपासा. मोबाइलवर लाइट मीटरचं अ‍ॅप घ्या आणि एकसारखा उजेड पडलेल्या भिंतीवर दोघांचं माप जुळवा. एका स्टॉपच्या आत फरक असेल तर ठीक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मीटर बंद असेल आणि बाकी सगळं उत्तम असेल, तर मी तो कॅमेरा बिनधास्त घेईन. मीटर मोबाइलमध्ये मिळतं, चांगलं शटर नाही.

सेलचा तिढा

१९६० आणि ७० च्या दशकातल्या अनेक कॅमेऱ्यांची मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेली होती. ओएम-१ आणि एसआर-टी १०१ त्यांतलेच. पाऱ्याच्या सेलवर पुढे देशोदेशी बंदी आली. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल बसतो, पण तो १.५ व्होल्टचा असतो आणि वापरात त्याचा विजेचा दाब घसरत जातो, त्यामुळे मीटर चुकतं. सोपा मार्ग म्हणजे श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल. तो १.४ व्होल्ट देतो. आकारानं लहान असल्यानं त्याभोवती छोटी रिंग घालावी लागते आणि सील काढल्यावर तो काही आठवडे ते काही महिनेच टिकतो. स्वस्तातला आणि पुरेसा उपाय आहे.

के१००० किंवा एफएम२ ला हा प्रश्न नाही. त्यांना एलआर४४ किंवा त्याच आकाराचा एसआर४४ चालतो. मी एसआर४४ च सुचवेन, कारण सिल्व्हर ऑक्साइडच्या सेलचा दाब संपेपर्यंत स्थिर राहतो. के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण लावलं की आत अंधार होतो आणि सेल वाचतो, म्हणून झाकण लावायची सवय ठेवा.

रोल भरताना

पहिला रोल आयएसओ २०० किंवा ४०० चा कलर निगेटिव्ह घ्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा). कलर निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहज सहन करते, दोन स्टॉप जास्त झाला तरी फोटो चांगला येतो. कमी उजेड मात्र तिला सोसत नाही, सावल्या चिखलासारख्या होतात. ब्लॅक अँड व्हाइट हवी असेल तर इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स घ्या, दोन्ही आयएसओ ४०० च्या आणि नवख्याला सांभाळून घेणाऱ्या. स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही, ती नंतर.

मुदत संपलेला एखादा रोल मिळाला तर त्यावर आधी सराव करा, हात बसेपर्यंत. मग खरा रोल भरा, सावलीत.

१. रोल गुंडाळायचा नॉब वर ओढा, मागचं झाकण उघडेल. रोलची डबी डाव्या कप्प्यात बसवा आणि नॉब खाली ढकला. थोडा फिरवावा लागला तर फिरवा, तो डबीच्या खाचेत बसायला हवा.

२. फिल्मची जीभ उजवीकडे ओढून घ्या आणि टोक फिरकीच्या खाचेत घाला. बेतानंच ओढा, जास्त बाहेर काढलेली फिल्म वाया जाते.

३. लिव्हर हळूहळू ओढा. फिल्मच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कडांची भोकं दात्यांमध्ये बसलेली दिसली पाहिजेत. एकाच कडेची बसली असतील तर घाई करू नका, पुन्हा घाला.

४. झाकण बंद करा. गुंडाळायचा नॉब बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवून फिल्मची ढील काढा, विरोध जाणवेपर्यंत.

५. आता शटर उडवा आणि लिव्हर ओढा, आकडा १ वर येईपर्यंत. लिव्हर ओढताना डोळा डावीकडच्या नॉबवर ठेवा. तो उलट दिशेनं फिरला म्हणजे फिल्म खरोखर पुढे जातेय.

पाचवी पायरी कधीही गाळू नका. नवख्यांचे सर्वाधिक कोरे रोल याच एका गोष्टीमुळे येतात: फिल्म फिरकीतून निसटते, मोजणीचा आकडा मात्र पुढे सरकत राहतो आणि माणूस समाधानानं फोटो घेत राहतो.

फिल्मचा आयएसओ चकतीवर लावायला विसरू नका. जुन्या कॅमेऱ्यांवर तिथे एएसए असं लिहिलेलं असतं, आकडा तोच.

उजेडाचा हिशेब

फिल्म कॅमेऱ्याचा सोपेपणा इथे कळतो. आयएसओ रोल भरतानाच ठरला. उरल्या तीन गोष्टी: शटरचा वेग, अ‍ॅपर्चर आणि फोकस. प्रत्येकीसाठी एक चकती, प्रत्येक चकतीवर आकडे छापलेले. मेनू नाही. कॅमेरा बंद असतानाही वरून एक नजर टाकली की सगळं कळतं.

हातात धरून फोटो घेताना ५० मिमी लेन्सला १/६० ही खालची मर्यादा धरा, १/१२५ वर निर्धास्त राहा. वेग आधी ठरवून टाका, मग व्ह्यूफाइंडरमध्ये बघत सुई मध्यावर येईपर्यंत अ‍ॅपर्चरची रिंग फिरवा. फोकस करा, बटण दाबा. एवढंच.

सुईला एक मर्यादा आहे. ती समोरच्या चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढते. खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा फोटो घेताना मागचा लख्ख उजेड सुईला फसवतो आणि चेहरा काळा येतो. अशा वेळी दोन पावलं पुढे जा, चौकटीत फक्त चेहरा येईल इतकं जवळ जाऊन सुई मध्यावर आणा, मग आकडे तसेच ठेवून मागे या. आता सुई वर चढलेली दिसेल, चढू द्या.

मीटर नसलं तरी अडत नाही. उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि वेग फिल्मच्या आयएसओच्या जवळचा: आयएसओ २०० ला १/२५०, ४०० ला १/५००. विरळ ढग असतील तर एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८, दाट ढग असतील तर एफ/५.६, बाहेरच्या मोकळ्या सावलीत एफ/४. शंका आली तर एक स्टॉप जास्त उजेड द्या. आठवडाभर रोल न भरता, येता-जाता उजेड बघून मनात आकडे बांधा आणि मीटरशी ताडून बघा. डोळा लवकर तयार होतो.

फोकससाठी व्ह्यूफाइंडरच्या मध्ये एक गोल असतो. काही कॅमेऱ्यांत त्यात चित्र दोन तुकड्यांत तुटलेलं दिसतं, लेन्स फिरवून उभी रेघ जुळली की फोकस झाला. काहींत दाणेदार चमक दिसते आणि फोकस झाल्यावर ती स्वच्छ होते. चेहऱ्याचा फोटो असेल तर डोळ्याच्या कडेवर जुळवा. रस्त्यावर भराभर फोटो घ्यायचे असतील तर ५० मिमी लेन्सवर एफ/१६ लावून फोकस ५ मीटरवर ठेवा. साधारण अडीच मीटरपासून लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं आणि फोकसला हात लावावा लागत नाही. लेन्सवर छापलेल्या अ‍ॅपर्चरच्या जोडरेघा हेच अंतर दाखवतात.

रोल संपला

३६ फोटोंचा रोल कधी ३७ पर्यंतही जातो, पण लिव्हर घट्ट लागली की तिथेच थांबा. जोर लावला तर फिल्म फाटते किंवा डबीतून सुटते. कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबा, नॉबची घडी उघडा आणि बाणाच्या दिशेनं सावकाश गुंडाळा. आधी विरोध जाणवतो, शेवटी फिल्म फिरकीतून निघाल्याची एक ओढ लागते आणि मग नॉब मोकळा फिरतो. त्यानंतरच झाकण उघडा. लिव्हर अर्ध्यात अडकली आणि काय झालंय ते कळत नसेल तर उजेडात झाकण उघडून बघू नका. पूर्ण अंधाऱ्या खोलीत उघडा किंवा कारागिराकडे तसाच न्या.

रोल फार दिवस पडू न देता धुवायला द्या. विमानप्रवासात तो हातातल्या सामानात ठेवा आणि यंत्रातून न घालता हातानं तपासायची विनंती करा. विमानतळांवरची नवी सीटी स्कॅनर यंत्रं फिल्म खराब करतात. चेक-इनच्या बॅगेत तर रोल कधीच नको.

रोल धुऊन आला की फक्त स्कॅन बघून समाधान मानू नका, निगेटिव्ह परत मागून घ्या आणि उजेडावर धरा. कॅमेऱ्याची प्रकृती तिथे लिहिलेली असते. सगळी पट्टी कोरी पण कडेचे आकडे आणि अक्षरं ठळक असतील, तर धुलाई बरोबर झाली, फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकली नव्हती किंवा शटर उघडलं नव्हतं. कडेचे आकडेही नसतील तर चूक धुलाईची. घरांच्या बाहेर, भोकांपर्यंत पसरलेले काळे पट्टे, जे फोटोत नारिंगी किंवा पांढरट दिसतात, म्हणजे झाकणाचा स्पंज उजेड आत सोडतोय. फोटो एकमेकांवर चढलेले किंवा मधली अंतरं कमी-जास्त असतील तर फिल्म पुढे नेणारे गिअर झिजलेत. जलद वेगाच्या फोटोंतच एक बाजू गडद येत असेल तर शटरचे पडदे. हे निदान जमावं म्हणून पहिल्या रोलच्या प्रत्येक फोटोचा वेग आणि अ‍ॅपर्चर वहीत लिहून ठेवा.

निगा

कॅमेरा महिन्यातून एकदा तरी हातात घ्या, सगळ्या वेगांवर शटर उडवा, फोकसची आणि अ‍ॅपर्चरची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. ग्रीस पसरलेलं राहतं, गिअर जड होत नाहीत. ठेवताना शटरचा ताण सोडून ठेवा आणि बराच काळ वापरणार नसाल तर सेल काढा.

बुरशीला ओल आणि अंधार आवडतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढू लागते, म्हणून ४० ते ५० टक्के राखायचा प्रयत्न करा. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मापक, एवढं पुरतं. पुड्या ओल्या झाल्या की तापवून सुकवा किंवा बदला. कॅमेरा त्याच्या जुन्या चामडी कव्हरमध्ये कधीच ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

आरसा पुसायचा नाही. त्याचा मुलामा वरच्या अंगाला असतो आणि कापडानं निघून येतो. धूळ हवेच्या फुंकणीनं उडवा. आरशावरची आणि फोकसच्या काचेवरची धूळ फोटोत येत नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करणं उत्तम. कुठलाही भाग अडला तर बिजागरीसाठीचं फवाऱ्याचं तेल मारू नका. ते आत पसरतं आणि शटरच्या पात्यांपर्यंत जातं.

जोर लावायचा नाही, हा नियम सगळ्याच यांत्रिक कॅमेऱ्यांना लागू आहे. सोव्हिएत झॉर्की किंवा फेडसारख्या काही कॅमेऱ्यांत तर लिव्हर किंवा नॉब ओढून शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नसते, नाहीतर आतली यंत्रणा बिघडते. आरसा नसलेल्या, कापडी पडद्याच्या अशा कॅमेऱ्यांची लेन्स उन्हाकडे रोखून ठेवू नका. सूर्याची प्रतिमा थेट पडद्यावर पडते आणि कापडाला भोक पडतं. झाकण लावून ठेवा.

कॅमेरा विकत घेतल्यावर आधी दोन रोल काढा, मग सर्व्हिसिंगचा विचार करा. सगळं नीट येत असेल तर उघडायची गरज नाही. दोष दिसला तर कारागिराकडे नुसता कॅमेरा नेऊ नका, दोष दिसणारी निगेटिव्हची पट्टी आणि त्या फोटोंच्या नोंदींची वहीही न्या. "१/५०० च्या वर उजवी बाजू गडद येते" असं नेमकं सांगितलं तर त्याला शोधाशोध करावी लागत नाही. काम झाल्यावर कोणत्या वेगाला किती फरक होता आणि आता किती आहे, ते लिहून मागा, आणि तो कागद कॅमेऱ्याच्या डब्यातच ठेवा.